रविवारी बुजवलेली बिळं

आमची इमारत माणिकपूरला आहे. चार मजली, लिफ्ट नसलेली. तळमजल्याची जागा आम्ही आईसाठी घेतली. तिला मधुमेह होता, गुडघे गेलेले होते आणि जिना तिला जमणार नव्हता. जागा घेताना मी भिंतींची ओल पाहिली, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, खिडक्यांची मापंसुद्धा घेतली. उंदरांचं विचारायला हवं, हे काही सुचलं नाही.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे वाडी होती. केळी, अळू, मोगऱ्याचे ताटवे आणि मधोमध एक बावखल, म्हणजे बागेला पाणी देण्यासाठी जुन्या लोकांनी खणून ठेवलेलं तळं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्या वाडीचा निम्मा भाग विकला गेला, आणि बावखल बुजवायला डंपर येऊ लागले. दगड, मुरूम, कुठल्या तरी पाडलेल्या घराचे तुकडे. डंपरने माल ओतला की आमच्या कपाटातली भांडी किणकिणायची. बावखलाच्या काठाने घुशी आणि उंदीर किती पिढ्या राहत होते कोण जाणे. काठ बुजत गेला तसे ते भिंतीखालून आमच्या बाजूला आले.

आधी मोरीत लेंड्या दिसल्या. मग गव्हाच्या पोत्याला भोक पडलं. बायकोने सगळं धान्य पत्र्याच्या डब्यांत भरलं, साबणाची वडीसुद्धा झाकून ठेवायला सुरुवात केली. इमारतीच्या जोत्याला लागून जमिनीत बिळं दिसू लागली. काही माझी मूठ जाईल एवढी, काही त्याहून मोठी. आमच्या जोत्याखालचा भराव बांधकामानंतर खचलेला होता. फरशीवर टाच आपटली की काही ठिकाणी पोकळ आवाज यायचा. त्या पोकळीत त्यांनी घर केलं होतं.

एका सकाळी बायको आईचं अंथरूण काढायला गेली आणि तिने मला हाक मारली. हाक साधी नव्हती. चादरीच्या पायाकडच्या टोकाला रक्त होतं, सुकून तपकिरी झालेलं. आई भिंतीला टेकून चहाची वाट पाहत बसली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याचं टोक कुरतडलेलं होतं.

"आई, हे काय झालं?"

"कुठे काय?" तिने मान वाकवून पाहिलं. "अगंबाई. हे कधी?"

तिला कळलंच नव्हतं. तिच्या पावलांना बधिरपणा आला होता हे आम्हाला ठाऊक होतं. चालता चालता चप्पल निघून गेली तरी ती तशीच पुढे जायची आणि आम्ही हसायचो, तीही हसायची. त्या सकाळी कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. आईला बाहेर बसवून मला म्हणाले, "दुखत असतं तर मला कमी काळजी वाटली असती. या पायाला पुन्हा काही झालं, जखम चिघळली, तर अंगठ्याचं मी सांगू शकत नाही. आणि अंगठ्यावर थांबेल असंही सांगू शकत नाही."

घरी येईपर्यंत रिक्षात मी एकच गोष्ट घोकत होतो. ही जखम भरेपर्यंत उंदीर तिच्यापर्यंत पोचता कामा नये.

पहिला उपाय सोपा होता. आई जमिनीवर झोपत असे, तिला आमच्या पलंगावर झोपवायचं. ती तयार होईना. मला वाटलं, सुनेच्या पलंगावर नको, असा काही संकोच असेल. बायको म्हणाली, "अहो, त्यांना विचारा तरी."

"पलंगावरून उतरताना पाय जमिनीला लागला की नाही मला समजत नाही रे," आई म्हणाली. "खाली असले की मी घसरत घसरत जाते, भिंत धरते. वरून पडले तर कंबर मोडेल. मग अंगठा राहिला काय नि गेला काय."

पलंगाची उंची अठरा इंच होती. तेवढ्यावरून पडून खुबा मोडलेली एक बाई आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर होती. आईला वेडं ठरवता येत नव्हतं. ताईकडे डोंबिवलीला पाठवावं, तर तिथे तिसरा मजला. मग असं ठरलं की रात्री आम्ही दोघांपैकी एकाने तिच्या पायाशी बसायचं, दिवा चालू ठेवायचा. दिवसा भीती नव्हती. उंदीर दिवसा बाहेर येत नाहीत, एवढं कुणालाही माहीत असतं.

बायकोने पिंजरा आणला. आमच्याकडे पिंजऱ्याला सुक्या खोबऱ्याचा तुकडा गॅसवर भाजून अडकवतात, त्याचा वास लांब जातो. तिने तुकडा अडकवला, बोटं हुंगली आणि तशीच उभी राहिली. आईच्या टाचांना भेगा पडू नयेत म्हणून ती रोज संध्याकाळी न चुकता तिच्या पावलांना खोबरेल तेल चोळत होती. डॉक्टरांनीच पूर्वी सांगितलं होतं, भेगा पडू देऊ नका. तेलाची बाटली उचलून तिने वरच्या फळीवर ठेवली आणि आईचे पाय साबणाने धुतले, दोनदा.

पिंजऱ्यात उंदीर सापडत होते, पण येणाऱ्यांपुढे तो पिंजरा काहीच नव्हता. नगरपरिषदेत अर्ज दिला. त्यांचा माणूस गटारालगत औषधाच्या वड्या टाकून गेला. "सोसायटीच्या आत तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. आत औषध टाकायला मीच घाबरत होतो. मेलेले उंदीर जोत्याखाली कुजले तर ते काढणार कसे? आणि भिंतीपलीकडे उरलेल्या वाडीत राहणाऱ्या एका मावशींची विहीर होती, बदकं होती.

शेवटी सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहणारे, बँकेत नोकरीला, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "काचांचा चुरा आणि सिमेंट. माझ्या सासऱ्यांनी दादरला हेच केलं. एक बीळ शिल्लक ठेवायचं नाही. येत्या रविवारी सगळे खाली या."

रविवारच का, असं कुणी विचारायचं कारणच नव्हतं. आमच्या इमारतीत सगळं रविवारीच होत असे. टाकी धुणं, सभा, रंगकाम, लग्नाच्या याद्या. बाकीचे दिवस आम्ही मुंबईत असायचो, अंधारात निघून अंधारात परत. रविवारीसुद्धा मटण आणणं आणि नाश्ता उरकेपर्यंत अकरा वाजायचे. तर भर दुपारी, उन्हात, आम्ही दहा-बारा पुरुष बनियनवर जोत्याभोवती उकिडवे बसलो होतो. जुन्या बाटल्या गोणपाटात घालून फोडल्या. मी प्रत्येक बिळात काठी घालून खोली पाहत होतो, आणि सेक्रेटरी माझी चेष्टा करत होते.

"तळमजलेवाले, उंदराला शर्ट शिवताय का? भरा की!"

भिंतीपलीकडून मावशी बघत होत्या. वाडीच्या मूळ मालकांपैकी त्या एक. घरात त्यांची बोली वेगळी, आमच्याशी बोलताना शाळेतली मराठी. कडेवर केळीच्या पानांचा भारा होता.

मी म्हणालो, "मावशी, तुमच्या बावखलातलं लचांड आमच्या गळ्यात पडलंय."

"हो का?" त्या म्हणाल्या. "तुमची बिल्डिंग उभी राहिली तिथे आमचे अळूचे वाफे होते. तेव्हा तुमचे उंदीर माझ्या स्वयंपाकघरात आले. मी आले होते का तुम्हाला सांगायला?"

कुणीतरी हसलं. मी पुढच्या बिळात काठी घातली. त्या तरी थांबल्या कुठे उत्तरासाठी.

चार वाजेपर्यंत एकही बीळ उघडं राहिलं नाही. सेक्रेटरींच्या घरून सगळ्यांना सरबत आलं. ती रात्र शांत गेली. पिंजरा रिकामा. पहाटे मी आईच्या पायाशी बसल्या बसल्या झोपलो होतो, आणि पाय होता तसा होता. सोमवारी कामावर जाताना मला हलकं वाटत होतं.

त्या दिवशी आमच्या खात्यातली तपासणी लवकर आटोपली आणि मी उजेड असतानाच घरी पोचलो. दार आतून बंद होतं. हाक मारली तर बायको म्हणाली, "थांबा, पाय बघून आत या." दार किलकिलं उघडलं. तिच्या हातात केरसुणी होती. आई पलंगावर मधोमध, पाय पोटाशी घेऊन बसली होती, पडण्याची भीती विसरून. मोरीच्या तोंडावर पाटा ठेवलेला होता, त्यावर वरवंटा. ओट्याखाली पाइप जमिनीत शिरतो तिथलं सिमेंट फोडून एक नवं भोक पडलं होतं आणि त्यात बायकोने जुनी साडी कोंबली होती. ती साडी हलत होती.

"दुपारपासून चाललंय," बायको म्हणाली. "दिवसाढवळ्या. मी आतून आले तर एक आईंच्या पायाशीच होता."

"पायाशी म्हणजे?"

"त्या जरा आडव्या झाल्या होत्या. खालीच. पट्टीला लागलेला होता."

आईच्या पट्टीचं टोक सुटून दोरे लोंबत होते. आत काय झालं आहे ते बाहेरून दिसत नव्हतं.

"आई, चावला का?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "तूच बघून सांग ना."

पट्टी घरी सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्यांचा दवाखाना उघडायला अजून वेळ होता. आणि पायाखाली, फरशीच्या आत, खरवडण्याचा आवाज येत होता. एका जागी नाही. पलंगाखाली, दाराजवळ, ओट्याशी. तो ऐकताना मला उमगलं. दुपारी उंदीर बिळात झोपलेले असतात. आम्ही सगळ्या इमारतीने मिळून रविवारच्या रिकाम्या वेळेत त्यांना आत कोंडलं होतं. आता त्यांना बाहेर पडायला वरचीच वाट उरली होती, आणि वर आम्ही होतो.

बाहेर अंधारून येत होतं, कंपाउंडचा दिवा लावून मी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. भिंतीच्या बाजूचं सगळ्यांत मोठं बीळ माझ्या लक्षात होतं. सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं. दोन-चार घावांत वरून आवाज आला.

"अहो! काय करताय? काल सगळ्यांनी घाम गाळलाय!" सेक्रेटरी गॅलरीत, नुकतेच कामावरून आलेले, गळ्यात टाय तसाच.

"आत कोंडलेत ते. माझ्या घरात येताहेत."

"तुमच्या घरात येताहेत म्हणून बिल्डिंगची बिळं उघडणार? कमिटीला विचारलंत?"

"खाली या आणि माझ्या आईला विचारा."

ते तणतणत खाली आले. मी थांबलो नाही. ते माझ्याशी भांडायला बाहेर न येता सरळ घरात शिरले, मला वाटतं बायकोला समजवायला. आतून आईचा आवाज ऐकू आला, "पाय वर घ्या हो, पाय वर घ्या!" सेक्रेटरी बाहेर आले तेव्हा टाय खिशात होता आणि पायांत बूट नव्हते, ते बहुधा पलंगावर चढताना सुटले होते. त्यांनी हातोडा मागितला.

आम्ही भिंतीकडची तीन बिळं उघडी केली. काचा बोटांना लागल्या. मग बाजूला सरून, कंपाउंडचा दिवा मालवून उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग एक बाहेर आला, थांबला, आणि भिंतीखालून पलीकडे गेला. त्यामागून बाकीचे. मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ते जिथून आले होते तिथे आता मुरूम होता, तरी तिकडेच गेले. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "मावशींकडे जाणार हे." त्या क्षणी ते कुठेही गेले असते तरी मला चाललं असतं, आणि ही गोष्ट मला बरी वाटली नाही.

दवाखान्यात आईला खुर्चीत बसवून नेलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सेक्रेटरी. डॉक्टर पट्टीचा एकेक वेढा सोडत होते. वरचे वेढे कुरतडलेले, त्याखालचे ओलसर. आई त्यांच्या हाताकडे बघतच नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, कारण तिच्या पायाचं काय झालंय ते तिला तिथूनच कळणार होतं. मी चेहरा सरळ ठेवायचा खूप प्रयत्न केला.

शेवटचा वेढा सुटला. जुनी जखम होती तशी, कडेने गुलाबी धरू लागलेली. नवीन काही नव्हतं. दात कापडातच थांबले होते.

"काय म्हणतात?" आईने मला विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"खरं सांग."

"खरंच ठीक आहे, आई."

तिने डॉक्टरांनाही विचारलं, मग सेक्रेटरींना. तिघांचं एकच उत्तर आलं तेव्हा ती मागे टेकली.

पुढे मोरीला लोखंडी जाळी बसली, ओट्याखाली काँक्रीट पडलं, आणि आतल्या वाटा बंद झाल्यावर बाहेरची बिळं आम्ही एकेक करून, अंधार पडल्यावर, बाहेर येणं थांबलेलं पाहून बुजवली. मावशींनी दोन मांजरं पाळली. त्यांच्याशी तो विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. बावखलाच्या जागी पाच मजली इमारत झाली.

जखम भरायला फार वेळ लागला. नख काही पुन्हा आलं नाही. पण आईला एक सवय लागली, ती अखेरपर्यंत टिकली. सकाळी मी चहा घेऊन गेलो की ती कप घ्यायच्या आधी पांघरुणातून दोन्ही पाय बाहेर काढायची.

"बघ रे, आहेत का सगळी?"

मी वाकून, एकेका बोटाला हात लावून मोजायचो. नुसतं बघून सांगितलेलं तिला चालत नसे, आणि हात लावलेला तर तिला कळत नसे. तरी मी दहा म्हटल्याशिवाय ती कप हातात घेत नसे.