वीरेशनं लावलेला पिक्चर

वीरेशचं नाव त्या गस्तीत नव्हतं. ते मी घातलं, आणि रागानं घातलं.

सीमेवरच्या एका पोस्टवर मी प्लाटून हवालदार होतो, जवानांचा 'उस्ताद'. माझं गाव लोहाऱ्याजवळ, वीरेश उमरग्याकडचा. आपल्या जिल्ह्याच्या पोराला सांभाळतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याच्याशी इतरांपेक्षा कडक वागायचो.

एका दुपारी बंकरमध्ये जवान त्याच्या मोबाइलभोवती बसले होते. जुना इंग्रजी पिक्चर. लांब केसांची पोरंपोरी बागेत नाचत होती.

"काय लावलंय?" मी विचारलं.

"गाण्याचा पिक्चर हाय, उस्ताद. ही पोरं लढाईला न्हाय म्हणतेत," वीरेश म्हणाला.

"वीरेश, तू बी वाढव की केस," कुणीतरी म्हणालं.

"पेन्शन लागू दे. कमरेपस्तोर वाढवतो."

सगळे हसले. मी मोबाइल बंद केला. "भित्र्या, लढायचं नसंल तर वर्दी कशाला घातली?"

"भ्या कशाचं, उस्ताद? गाणी लई चांगली हायती."

सगळ्यांसमोर उलट बोलला, असं मला वाटलं. त्या रात्री त्याचा पहारा होता, म्हणून सकाळी त्याला विश्रांती होती. तरी दुसऱ्या पहाटेच्या गस्तीतून एकाचं नाव काढून मी त्याचं घातलं.

"जी, उस्ताद," एवढंच तो म्हणाला.

सकाळी नाल्याजवळ गस्तीवर पलीकडून फायर आला. पोस्टवरच्या वायरलेस सेटवर आवाज आला, "वन कॅज्युअल्टी. फेटल. ओव्हर." म्हणजे एक जवान गेला होता.

"कोण? ओव्हर," मी विचारलं.

सेटवर नाव घ्यायचं नसतं. हे जवानांना मीच शिकवायचो. पलीकडच्यानं ते पाळलं. गस्त परतली तेव्हा स्ट्रेचरवर वीरेश होता.

पार्थिवासोबत मीच त्याच्या गावी आलो. लिंगायतांमध्ये मृताला बसवून पुरतात. वीरेशचा देह पेटीत आडवाच आला होता, बसवता आला नाही, आडवाच ठेवावा लागला. त्याचे वडील शरणप्पा यांनी विचारलं, "गस्तीची पाळी त्याचीच होती का?"

"न्हाय, अप्पा. त्यानं स्वतःहून नाव दिलं."

गावच्या शाळेत बोलावलं की तेच वाक्य ते वर्षानुवर्षं पोरांना सांगत राहिले.

या उन्हाळ्यात, रिटायर झाल्यावर, मी तो पिक्चर घरी शेवटपर्यंत पाहिला. लढाईला न्हाय म्हणणारी ती पोरं शेवटी मेलेल्या सोल्जरांसाठी गात होती. दुसऱ्या दिवशी एसटीनं उमरगा गाठला आणि शरणप्पांच्या घरी गेलो.

"अप्पा, त्यानं नाव दिलं नव्हतं. मी चिडून पाठवलं. तुमच्याशी खोटं बोललो."

ते म्हणाले, "पोरांना आता काय सांगू मी?"

त्यांनी शेताकडं हात केला. "मला नगा सांगू. त्याला सांगा."

मी शेतातल्या वीरेशच्या समाधीजवळ खाली बसलो.

"वीरेश, तुला मी भित्रा म्हणालो. रागानं पाठवलं, वर तुझ्या बापाशी खोटं बोललो. माझं चुकलं, बाळा. माफ कर."