दाबलेला क्लच

इतकी वर्षं मी या गोष्टीला वळसा घालत आलो. बायकोजवळ बोललो नाही, आणि आता ती राहिली नाही. मुलांजवळ तर नाहीच. लिहायला बसलो की आधी उठून दार लावून येतो — आजही लावलंय. या वयात कोण येऊन माझी कॉलर धरणार आहे? तरी भीती वाटते. फाटक वाजलं तरी दचकतो.

गोष्ट मोटरसायकलची आहे. ऐकायला साधी वाटेल.

तारापूरकडच्या एका कारखान्यात मी कामाला होतो. पाम या आमच्या गावाहून रोज त्याच गाडीवर जायचो. निवृत्त झालो, स्कूटर घेतली आणि मोटरसायकल धाकट्या भावाला, वसंताला दिली. तो उमरोळीला राहायचा, चिकूची वाडी बघायचा. गाडी न्यायला आला तेव्हा टाकीवरून हात फिरवत त्यानं विचारलं, "दादा, काय खोड हाय का हिला?"

होती. बरेच दिवस उभी राहिली की तिच्या क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटून बसत. मग क्लचची मूठ कितीही आवळा — आत प्लेटी सुटतच नसत, चाक इंजिनाला जोडलेलंच राही. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवून बटण दाबलं की इंजिन नीट सुरू व्हायच्या आतच ती पुढे उडी घ्यायची. एकदा माझ्या अंगणात तिनं पाण्याचं पिंप आडवं केलं होतं. बोईसरचा मिस्त्री म्हणाला होता, "चाचा, प्लेट चिपकती है. खुलवा लो, किसी दिन मारेगी." मी खोलून घेतलं नाही. मला युक्ती जमली होती — क्लच दाबून गाडी गिअरमध्येच मागंपुढं हलवायची, चाक मोकळं झालं की मगच बटण. सवय झाली, आणि सवय झाल्यावर तो दोष आहे असं वाटेनासं झालं.

"काय नाय रे," मी वसंताला म्हणालो. "लोण्यासारखी चालते."

का म्हणालो? देणाऱ्याचा तोरा, दुसरं काय. पण एवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

त्या पावसाळ्यात वाडीचा रस्ता चिखलानं भरला. गाडी पडवीत ताडपत्रीखाली राहिली. दसऱ्याला मी उमरोळीला गेलो तेव्हा वसंतानं ती धुऊन अंगणात आणली होती. तोंड घराच्या पायऱ्यांकडे. अंगण तिकडेच उतरतं, म्हणून घसरू नये यासाठी गिअर टाकलेला. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. पूजा झाली की गाडी सुरू करून लिंबू चिरडायचं, ही आमच्याकडची रीत. वसंत गाडीवर बसला. त्याची बायको सुनंदा ताट घेऊन चाकापुढे उभी, पाठीमागे पायऱ्या.

"चालू तर कर रे," चुलतभाऊ हरेश्वर ओरडला, "का दसऱ्याला पन ढकलतच नेनार?"

सगळे हसले. सुनंदाही हसली. लिंबू थोडं सरकलं होतं, ते नीट करायला ती वाकली. वसंत म्हणाला, "क्लच दाबलाय गं, कर आरामात."

मी हातभर अंतरावर होतो. मला आठवलं नाही, असं लिहू का? आठवलं होतं. सगळा पावसाळा उभी असलेली गाडी, गिअरमध्ये, आणि पुढे वाकलेलं माणूस — मिस्त्रीचा शब्द अन् शब्द कानात वाजला. थांब, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का थांब, तेही सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. उडी घेईलच असं थोडंच आहे, असं मी स्वतःला म्हणालो. आणि वसंताच्या मुठीकडे बघत राहिलो. चारही बोटं आवळलेली होती. शेवटपर्यंत आवळलेली होती.

त्यानं बटण दाबलं. गाडी उडाली. सुनंदाचा गुडघा चाक आणि पायरी यांच्यात सापडला. ताट कुठं गेलं, कुंकू कुठं आणि रक्त कुठं — मला ते बघवलं नाही, म्हणून मी गाडी ओढायला धावलो. धावलो म्हणून लोकांनी पुढे माझं कौतुकही केलं.

पालघरला दवाखान्याच्या ओसरीत सगळे बसलो होतो. हरेश्वर म्हणाला, "क्लच सोडलास तू. बायको समोर, नि क्लच सोडलास."

"नाय सोडला!" वसंत रडत होता. "दाबलेला व्हता. आयशप्पथ दाबलेला व्हता. दादा, तू व्हतास ना बाजूला? सांग ना तू."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी माझी होती, मी ती वर्षानुवर्षं चालवलेली. माझ्या शब्दापुढे कुणी जाणार नव्हतं. आता पिंपाचं सांगावं लागणार, मिस्त्रीचं, लोण्याचं. आणि मी म्हणालो,

"वसंत, क्लच दाबलेला असता तर गाडी जागची हलली नसती."

शांतपणे म्हणालो. समजूत घालावी तसं.

वसंतानं आपल्या डाव्या, क्लचच्या हाताकडे पाहिलं. ते पाहणं — तिथपासून ते थांबलंच नाही. सुनंदा काठीवर चालू लागली, पण तिनं त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. त्यानं मात्र त्या हातावरचा विश्वास सोडला. नसांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले काही नाही, तर तो आणखी घाबरला. चिकू उतरवायला झाडावर चढेना. नात झाली तेव्हा तिला डाव्या हातावर घेईना. लग्नकार्यात हरेश्वर हसायचा, "वसंताच्या डाव्या हातात कप देऊ नका रे, सोडील!" वसंतही हसायचा. मीही हसलोय त्यात.

गाडी मी परत आणली आणि भंगारात घातली. भावाच्या डोळ्यांसमोर नको, असं सांगितलं. खरं तर कुणी ती उघडून बघेल, या भीतीनं मला झोप नव्हती.

गेल्या वर्षी वसंत अंथरुणाला खिळला. आता सांगायचंच, असं ठरवून मी उमरोळीला गेलो. सुनंदा काठी टेकत चहा ठेवायला आत गेली. खोलीत आम्ही दोघंच. वाक्य मी वाटेवर पाठ करत आलो होतो — वसंत, तुझा हात सुटला नव्हता, खोट गाडीत होती, मला ठाऊक होती, मला माफ कर.

"वसंत," मी म्हणालो, "ती गाडी..."

"जाऊ दे ना दादा," तो म्हणाला. "कशाला काढतोस? माझाच हात तो."

आतून कपांचा आवाज येत होता. ती यायला अजून अवकाश होता. वसंत माझ्याकडे बघत होता.

"हं," मी म्हणालो.