ब्राझीलवालीची चाल

माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळद लागताना धवळे गाणारी बाई लागते. ती गायला बसली की मग पुढचं सगळं हलतं. पनवेलपासून चिरनेरपर्यंत आईला बोलावणी येतात. बाकीचे धवळे तिला तिच्या आईकडून मिळालेले, पण नवरीला पहिली हळद लावतानाची चाल मात्र तिची स्वतःची. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पापड लाटता लाटता तिला ती सुचली. मी समोरच बसले होते, त्यामुळे ती कुणाची हे मला कुणी शिकवू नये.

माझा मामेभाऊ हळदीच्या कार्यक्रमांत गातो. एकदा तो घरी आला, पोटभर जेवला आणि म्हणाला, “आते, ती हलदीची चाल म्हन ना. आठवन म्हनून ठेवतो.” आईने हौसेने म्हटली, त्याने फोनमध्ये घेतली. काही महिन्यांनी त्याचा पहिला अल्बम आला. पहिलं गाणं तेच. ढोल वाढवलेला, कीबोर्ड घातलेला, आणि खाली गीत-संगीत म्हणून त्याचं नाव. आईचं नाव आभारातसुद्धा नव्हतं.

मी भांडायला निघाले तर आईनेच अडवलं. “जाऊ दे गो बाय. पोर आपलाच हाय.”

गेलंही असतं. पण एका हळदीत आई गात असताना एक कॉलेजातली मुलगी मध्येच म्हणाली, “आजी, असा नाय तो. अल्बममंदी बगा, दुसरी ओल लांब हाय.” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आई ओळ अर्धी टाकून थांबली आणि दुसरा धवळा म्हणू लागली. त्यानंतर ती चाल तिने तोंडातून काढली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. ती चाल मला आईच्या तोंडी परत हवी होती, आणि त्याआधी त्याची चारचौघांत जिरवायची होती.

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. सकाळच्या कंपनी बसमध्ये कानात गाणी असतात, बाहेरचा वास नाकात. एकदा फोननेच आपल्या मनाने ब्राझीलच्या एका बाईचा अल्बम लावला. तिचा पहिलाच. एक गिटार, मध्येच माउथ ऑर्गन, आणि घरात भाजी चिरताना गावं तसा साधा आवाज. एका गाण्याच्या शेवटी कुत्रं भुंकतं, तेही तिने तसंच ठेवलंय. भाषा मला ओ का ठो कळली नाही, पण मी तो अल्बम महिनाभर रोज ऐकला. गीत, संगीत, आवाज, सगळीकडे तिचं एकटीचंच नाव. ते बघून मला आईसाठी भरून यायचं आणि मग मामेभावाचा राग नव्याने यायचा.

चौथं गाणं हळदीच्या ठेक्यात चपखल बसतं, हे एक दिवस बस कळंबोलीच्या सिग्नलला उभी असताना लक्षात आलं. तिथेच मी ठरवलं.

आई एका लग्नाला गेली होती त्या दुपारी मी मामेभावाला बोलावलं. म्हावरं केलं, आग्रह करकरून वाढलं. म्हटलं, आईला एक जुनी चाल आठवलीय, कुणालाच ठाऊक नाही. आणि नेहमीचे धवळ्याचे शब्द घालून ती चौथ्या गाण्याची चाल म्हणून दाखवली. धवलारणीच्या घरातून आलेली चाल कधी परक्याची असेल, ही शंका त्याच्या डोक्यातसुद्धा आली नाही. त्याचा फोन ताटाशेजारी रेकॉर्डिंगला लावलेला होता, हे मी बघितलं होतं. ब्राझीलच्या बाईला मीही विचारलं नव्हतं. खरं सांगते, सुचलंच नाही.

त्या चालीवर त्याचं नवं गाणं आलं आणि गाजलं. एका मुलाखतीत तो म्हणाला, ही चाल मला शेताच्या बांधावर सुचली. मला तेवढंच हवं होतं. ब्राझीलच्या बाईचं आणि त्याचं, दोन्ही गाणी एकापाठोपाठ जोडली आणि नात्यातल्या, गावातल्या, सगळ्या ग्रुपवर टाकली. दुपारपर्यंत त्याची अब्रू गेली. पोरं त्याला ब्राझीलचा जावई म्हणू लागली, ठरलेल्या दोन हळदी हातच्या गेल्या. त्या दिवशी मी श्रीखंड आणलं आणि दोनदा वाढून घेतलं. मला कणभरही वाईट वाटलं नाही.

महिन्याभराने कर्नाळ्याच्या अलीकडच्या गावात हळद होती. मी आईला म्हटलं, आज तुझी चाल म्हण, आता ती तुझीच आहे. तिने नाही नाही म्हणत पदर सावरला आणि सुरू केली. दोन ओळी झाल्या असतील. नवरीची काकी हसत म्हणाली, “आजी, ता नको. तो बी त्या ब्राझीलवालीचाच चोरलेला हाय ना?”

मांडवातल्या बायका हसल्या. मी ओरडून सांगितलं की ही चाल आईची आहे. काकी म्हणाली, “आता सगलीच सांगतील, आमची आमची.” आई कसनुसं हसली आणि हळदीची वाटी पुढे सरकवली.

आईने ती चाल अल्बमच्या आधी म्हटली होती, याचा पुरावा एकाच ठिकाणी होता. दुसऱ्या दिवशी मी मामेभावाच्या दारात गेले. तो ओटीवर एकटाच बसला होता. मी सगळं सांगितलं, हातही जोडले. त्याने शांतपणे फोन काढला, शोधलं आणि लावलं. आईचा आवाज, मागे आमच्या कुकरची शिट्टी. दोन ओळी झाल्यावर त्याने बंद केलं.

“पाठव ना मला,” मी म्हटलं.

त्याने फोन खिशात घातला. “माज्याकडं कशाला आलीस? जा, तुज्या ब्राझीलवालीकडं माग.”