बिसिंगच्या पिस्तुलाची भोकं

दानाओच्या बाजारात, चर्चच्या भिंतीला टेकून बिसिंग बोदबोद विकते. केळीच्या पानात वळलेला चिकट भात, सोबत पेलाभर दाट गरम चॉकलेट. सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे की ही म्हातारी एकेकाळी अख्ख्या सेबू बेटावर पिस्तुलाच्या नेमबाजीत नावाजलेली होती.

आमच्या दानाओत पिस्तुलाचं कुणाला अप्रूप नाही. पूर्वी माडांच्या बनात लपूनछपून पिस्तुलं घडवणाऱ्यांच्या कानशी चालायच्या. बिसिंगचा बापही त्यातलाच. पुढे परवान्याचे कारखाने निघाले आणि तिचा नवरा टिक्यो उजळ माथ्याने नळ्या घडवू लागला. बिसिंगला मात्र या लोखंडाचा लहानपणापासून कंटाळा. लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी तिने पिस्तुलाला बोट लावलं नव्हतं. एका रविवारी ती टिक्योचं जेवण घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेली. तो तिला लाडाने दाय म्हणायचा. सहज म्हणाला, "एक गोळी झाडून तर बघ, दाय."

तिने झाडली. समोरची पोलादी ताटली खणकन आडवी झाली. दुसरीही झाली.

"टिक्यो तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला," ती बायकांना सांगायची. "लग्नाच्या दिवशीसुद्धा असा बघितला नव्हता मेला!"

तेव्हापासून रविवार तिचा झाला. नेम पक्का होता, पण मनगट बारीक. गोळी सुटली की पिस्तुलाचं तोंड आभाळाकडे उसळायचं. ते खाली आणून दुसरी गोळी झाडेपर्यंत बाकीचे पुढे निघून जायचे. टिक्योला ते बघवेना. त्याने तिच्यासाठी वेगळी नळी केली. तोंडाजवळ वरच्या अंगाला भोकं, आणि नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या पोलादातही त्याच जागी खिडक्या.

"चांगल्या नळीला भोकं पाडलीस? डोकं फिरलंय का तुझं?" बिसिंग म्हणाली.

"दारूचा वायू वर निसटेल आणि तोंडाला खाली दाबेल. आधी झाडून बघ, मग शिव्या दे."

शिव्या द्यायची वेळच आली नाही. पिस्तूल हातात शहाण्या मांजरासारखं बसलं. एकीमागून एक गोळ्या जाऊ लागल्या आणि बिसिंग स्पर्धा मारू लागली.

तक्रारी इतरांच्या होत्या. तिच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार होईना. आवाज कानठळ्या बसवणारा, भोकांतून उडणारी गरम हवा शेजाऱ्याच्या गालावर. संध्याकाळ कलली की प्रत्येक गोळीला डोळ्यांसमोर जाळ उठायचा आणि समोरची ताटली क्षणभर दिसेनाशी व्हायची. नेम धरायची पुढची खूण काजळीने माखायची. साध्या पिस्तुलाच्या दुप्पट घाण. पण ती घाण काढायला रविवारी संध्याकाळी दोघं अंगणात फणसाखाली बसायची. तो नळी घासायचा, ती चिंधीने पुसायची. मुली भोवती खेळायच्या. मुलींच्या शाळेपासून मासळीच्या भावापर्यंत सगळं बोलणं तिथे व्हायचं. आज विचारलं तर बिसिंग सांगते, "संसार म्हणशील तर तोच. बाकी आठवडा नुसती धावपळ."

तिचं बघून पोलीस शिपाई सेनिओंग आला. वयाने लहान, म्हणून टिक्योला नोंग, म्हणजे दादा, आणि बिसिंगला नांग, म्हणजे ताई म्हणायचा. "नोंग टिक्यो, माझ्या पिस्तुलालाही भोकं पाडा."

"नाही पाडणार."

"का? नांग बिसिंगच्या पिस्तुलाला चालतात!"

"ती हात लांब करून ताटल्या पाडते. तुझ्यावर कुणी धावून आला तर तू पिस्तूल पोटाशी धरून झाडशील. सगळा जाळ वर तुझ्याच थोबाडात. रविवारच्या खेळाला ठीक आहे, कमरेला लावायला नाही."

सेनिओंगने ऐकलं नाही. दुसऱ्याकडून भोकं पाडून घेतली आणि सरावात एकदा छातीजवळ धरून झाडून पाहिलं. डोळे वाचले, भुवया गेल्या. महिनाभर तो टोपी नाकापर्यंत ओढून फिरला. बाजारात बायका विचारायच्या, "काय सेनिओंग, न्हाव्याने हजामत जास्तच मन लावून केली वाटतं?"

मग बाकोलोदची मोठी स्पर्धा आली. टिक्यो एरवी कारखाना सोडून कुठे जायचा नाही. या वेळी मात्र नवा सदरा घालून बोटीत बसला. पहिल्या दिवशी बिसिंग बायकांत सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांनी तिची काडतुसं मागून घेतली आणि गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर तिच्याच पिस्तुलातून झाडली. गोळीला ठरावीक जोर हवा, असा नियम. दानाओच्या मैदानावर असलं यंत्र नव्हतं. पुन्हा झाडली, तरी जोर कमीच. पंच हळूच म्हणाले, "ताई, खेळायचं तर शेवटपर्यंत खेळा. पण गुण धरता येणार नाहीत."

टिक्योचा चेहरा पडला. कोपऱ्यात नेऊन तो म्हणाला, "माझंच चुकलं. गोळी नळीतून सुटायच्या आधीच वायू भोकांतून पळतो, म्हणजे थोडा वेग जाणारच. दारू थोडी वाढवायला हवी होती. तुझ्या मनगटाला त्रास नको म्हणून मी..."

"मग आता काय?"

"चल, दुपारची बोट मिळेल."

बिसिंगने त्याच्या नव्या सदऱ्याकडे पाहिलं. "एवढं इस्त्री करून आलास ते बोट बघायला? बस तिथे गुपचूप."

गुण नसताना ती दिवसभर खेळली. आपल्यासाठी कुणी आकडा लिहीत नाही, हे ठाऊक असताना ताटल्यांमागून ताटल्या पाडत गेली. शेवटच्या फेरीला बाकीच्या बायका आपापलं आवरायचं सोडून तिच्यामागे उभ्या राहिल्या. शेवटची ताटली पडली तेव्हा टाळ्यांच्या गलक्यात टिक्यो सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता. संध्याकाळी दोघांनी बंदरावर भाजलेली कोंबडी खाल्ली. मग ती म्हणाली, "साधी नळी करून दे."

"भोकांवर राग धरलास?"

"राग कसला? त्यांनीच मला वेग दिला. पण माझं मनगट भोकांच्या भरवशावर राहिलं. आता जरा त्यालाही कामाला लावू."

त्या वर्षी तिने रोज पाण्याच्या बादल्या हात लांब करून उचलल्या. शेजारणी हसल्या. साध्या नळीने ती पूर्वीएवढी वेगवान कधीच झाली नाही. बाकोलोदला पुन्हा गेली तेव्हा तिसरी आली. त्या तिसऱ्या नंबरावर दोघं फार खूश होती.

नंतर मैदानाच्या जागी घरं उभी राहिली. टिक्योचे कान आयुष्यभराच्या धडाक्यांनी गेले होते. भोकांच्या नळ्यांनी जरा लवकरच. अंगणात बसून बिसिंग ओरडून बोलायची आणि सगळ्या गल्लीला त्यांचं भांडण ऐकू जायचं. गेल्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. पिस्तूल तिने पोलिसांत जमा केलं.

परवा सेनिओंग बोदबोद घ्यायला आला. आता तोही पेन्शनीत. म्हणाला, "नांग, घर फार शांत वाटत असेल."

"शांत?" बिसिंग पान सोडवत म्हणाली. "अरे, अजून ओरडूनच बोलते मी. सवय कुठे सुटतेय?"