बारा जणींचे पैसे

इस्पितळाच्या धुलाईघरात आक्का पस्तीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होत्या, आणि गेली दोन वर्षं चादरीचं दुसरं टोक त्यांच्या सुनेच्या हातात होतं. मोठ्या चादरीच्या घडीला दोघी लागतात. आधी लांब उभं राहायचं, मग चादर दुमडत एकमेकींकडे चालत यायचं, आणि कोपरे जुळले की पुन्हा मागे. दिवसातून तीनचारशे वेळा सासूच्या नाकासमोर जाऊन उभं राहणं म्हणजे काही खायचं काम नाही. पण या दोघींचं बरं जमलं होतं. आक्का बोलायच्या कमी, आणि बोलल्या की तो शब्द शेवटचा असायचा.

धुलाईघरातल्या बारा बायकांची भिशी आक्कांकडे होती. पगाराच्या दिवशी प्रत्येकीने ठरलेली रक्कम आणून द्यायची, आणि दहाएक दिवसांनी, रविवारी, जिची पाळी तिच्या हातात सगळी गड्डी पडायची. आक्का स्वतः तेराव्या, आणि त्यांची पाळी नेहमी शेवटची. नियम एकच होता: कोणाची किती ओढाताण चालली आहे हे बाहेर कळता कामा नये. वहीबिही काही नव्हतं. हिशोब आक्कांच्या डोक्यात आणि पैसे पत्र्याच्या डब्यात.

तो डबा उघड्यावर दिसला की सून त्याच्यावर गोधडी टाकायची. एकदा धीर करून ती म्हणाली, "आई, चोरीला गेला तर? बँकेत ठेवा की. तुमचं खातं आहेच."

आक्कांनी चक्क ऐकलं. सुनेला त्या दिवशी स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं!

नेमकी त्याच सुमारास सरकारला सुधारणेची लहर आली. भाड्याचा भत्ता, विधवांचा भत्ता, कमी पगाराचा भत्ता, असे तीन होते. ते मोडून एकच केला. आता सगळं सोपं झालं, असं जाहीर झालं. झालं खरं सोपं. पूर्वी एक अडला तरी दोन चालू असायचे, आता एका फटक्यात सगळं बंद करता येत होतं. शिवाय खरा गरीब कोण, हे यापुढे यंत्र बँकेच्या खात्यात डोकावून ठरवणार होतं. यंत्राला आक्कांच्या खात्यात पगारानंतरचे दहा दिवस बारा जणींचे पैसे दिसले. तीन महिने ओळीने दिसले. चौथ्या महिन्यात भत्ता आलाच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्या भत्त्यातून सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या कर्जाचा हप्ता जात असे. सासरे गेले, कर्ज मागे राहिलं. मुलगा मालाच्या गाडीवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्याच्या आणि या दोघींच्या पगारात भाडं आणि पोटच जेमतेम भागायचं. लागोपाठ दोन हप्ते चुकले की कर्ज देणाऱ्या कंपनीची माणसं घरातलं सामान उचलून नेणार, हे करारात लिहिलेलं होतं. एक चुकला होता. आणि हे सगळं आपल्या शहाणपणामुळे झालं, असं सुनेला वाटत होतं. आक्का आज बोलतील, उद्या बोलतील, म्हणून ती वाट पाहत होती. आक्कांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

कचेरीत बोलावणं आलं तेव्हा दोघी गेल्या. तिथल्या खुर्च्या फरशीला स्क्रूने घट्ट केलेल्या होत्या. लोक भत्ता सोडून खुर्च्याच उचलून नेतील अशी भीती असावी. टेबलामागची अधिकारी सुनेच्याच वयाची, सर्दीने बेजार. बाई वाईट नव्हती.

"हे पैसे तुमचे नाहीत हे मला दिसतंय," ती म्हणाली. "दर महिन्याला येतात आणि दहा दिवसांत जातात. ज्यांचे आहेत त्यांची नावं द्या. सोमवारपासून तुमचा भत्ता सुरू."

"आणि त्यांचा?" आक्कांनी विचारलं.

"त्यांची चौकशी होईल, बचत लपवली का म्हणून. तोवर त्यांचा थांबेल."

"किती दिवस?"

"दोन-तीन महिने. कधी जास्तही."

"आणि माझेच आहेत म्हटलं तर?"

"तर तुम्ही सहा महिने बाद. असं म्हणू नका, आजी."

तिने एक कोरा कागद सुनेपुढे सरकवला. आधीचा फॉर्म सुनेनेच भरला होता, त्यामुळे पेन तिच्या हातात होतंच. पहिलं नाव वाफवालीचं, म्हणजे बॉयलरवर असते तिचं. या महिन्याची पाळी तिची होती. चार महिन्यांचं भाडं थकलेलं, आणि घरमालकाने रविवारपर्यंतची मुदत दिलेली. सुनेला हे ठाऊक होतं, तरी तिने पेन टेकवलं. बारा ओळींत आपलं घर वाचत होतं, आणि आपली चूकही पुसली जात होती.

कागदावर आक्कांचा पंजा पडला. वाफेने आणि सोड्याने सालटं गेलेला, पांढरट पडलेला पंजा.

"पैसे माझेच आहेत," त्या अधिकारीणबाईंना म्हणाल्या. "लिहा."

रविवारी वाफवाली आली. आक्कांनी बँकेतून काढून आणलेली गड्डी तिच्या ओटीत घातली. "मोजून घे," म्हणाल्या.

"तुमच्याकडचे काय मोजायचे?" वाफवालीने डोळे पुसले. "तुमचं कसं काय चाललंय, आक्का?"

"झकास," आक्का म्हणाल्या.

सून दाराला टेकून उभी होती. घरात त्या दिवशी अर्धा डबा पीठ उरलेलं होतं, आणि ही बाई झकास म्हणत होती! आवाजात ना उपकार, ना कुरकुर. साडेचार फुटांची ही बाई. एवढं हिच्यात मावतं कुठे, ते सुनेला कळेना.

सोमवारी आक्कांनी मुकादमाकडून मळकी खोली मागून घेतली. इस्पितळाचे वापरलेले कपडे आधी तिथे येतात. रक्त, पू, घाण, कधी चादरीत राहिलेली सुई. दीडपट मजुरी असूनही त्या खोलीत कोणी दोन महिने टिकत नसे. आक्का अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, आणि आपली पाळी संपवून वर रोज तीन तास तिथे उभ्या राहणार होत्या. हप्त्यापुरतं बरोबर निघत होतं. त्यांनी हिशोब करून ठेवला होता.

ते ऐकलं आणि सुनेचा बांध फुटला. चादरीची टोकं हातात धरून ती म्हणाली, "आई, मला बोला की एकदा. बँकेचं खूळ मी काढलं. शिव्या द्या, पण काहीतरी बोला."

आक्का चादर दुमडत पुढे आल्या. पुन्हा दुमडून आणखी पुढे. तिसऱ्या घडीला दोघींच्या नाकात वीतभर अंतर राहिलं.

"चोरीचं तू खोटं बोलली नव्हतीस," त्या हळूच म्हणाल्या. "डबा गेला असता तर बारा घरं बुडाली असती. आता एकच बुडालंय, आणि त्याला पोहता येतं. कोपरा नीट धर."

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आक्का मळक्या खोलीत शिरल्या, तर सून आधीच आत. कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला फडकं, पुढ्यात पहिला ढीग.

आक्का उंबऱ्यातच थबकल्या. "ही अक्कल कोणी दिली तुला?"

"कोणी नाही," फडक्याआडून सून म्हणाली. "माझीच आहे. लिहा."

आक्कांनी तोंड फिरवलं आणि खुंटीवरचा दुसरा एप्रन काढून बराच वेळ त्याची नाडी बांधत राहिल्या.