गिरिधरचा दुसरा पर्याय

आमच्या गिरिधर भोयरकडे नेहमी दोन छत्र्या असायच्या. एक हातात, दुसरी सायकलच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली. पहिली उलटली तर? कोणी उचलून नेली तर? नागपूरच्या पावसावर आणि नागपूरच्या माणसांवर त्याचा सारखाच अविश्वास. सायकलची एक किल्ली खिशात, दुसरी पायमोज्यात. एकदा मी त्याला डिवचलं, की बाबा, पायमोजाच हरवला तर काय करशील? तो हसला नाही. दोन दिवस विचार केला आणि तिसरी किल्ली बनवून माझ्या घरी आणून ठेवली. अजून आहे ती आमच्या देवाच्या फळीवर.

आम्ही दोघं पाटबंधाऱ्याच्या कचेरीत. मी ट्रेसर, म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद पसरून रेघ न रेघ शाईनं उतरवणारा. तो पुराच्या टेबलाचा कारकून. दर मे महिन्यात त्यानं नदीकाठच्या गावांसाठी आराखडा लिहायचा. पाणी इतकं चढलं तर हे करा, ते जमलं नाही तर ते करा. पहिला पर्याय, दुसरा पर्याय, पट्टीनं आखलेले रकाने. आणि प्रत्येक गावाच्या पानावर सगळ्यांत वर लाल शाईत एक ओळ: म्हातारे, आजारी आणि बाळंतिणी यांना आधी सुरक्षित जागी न्यावे. ही ओळ साहेबानं सांगितलेली नव्हती, गिरिधरची स्वतःची होती. तो लहान असताना त्याच्या गावात पाणी शिरलं, तेव्हा धडधाकट माणसं आधी नावेत चढली आणि त्याची आजी प्रयागबाई छपरावर राहिली. नाव परत आली तेव्हा छप्पर नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं मला हे एकदाच सांगितलं, तेही डबा खाताना, मान खाली घालून.

आता या माणसानं माझ्या लग्नात काय करावं? लग्न नागपूरशेजारच्या बेसाला, प्रेमलताच्या माहेरी. बेसा तेव्हा निव्वळ खेडं. हा पठ्ठ्या पिशवीत दुसरा अंतरपाट घेऊन हजर! सगळे फिदीफिदी हसले. आणि मुहूर्ताला पाव तास उरला असताना खऱ्या अंतरपाटावर वरणाची बादली सांडली. गिरिधरनं मुकाट्यानं पिशवी उघडली. प्रेमलता अजून म्हणते, माझं लग्न वेळेवर लागलं ते गिरिधर भाऊजींच्या मेहेरबानीनं. मी म्हणतो, त्याच्याच चुकीनं.

शहाऐंशी साली माझ्या रेघा चुकायला लागल्या. आधी वाटलं चष्मा बदलला की झालं. मग माणसांना धडकायला लागलो. ताटातली वाटी दिसेना, समोरचा भात तेवढा दिसे. गिरिधर मला धरून धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. बाहेर बाकावर चंद्रपूर-यवतमाळपासूनची माणसं गाठोडी घेऊन बसलेली. डॉक्टरनं बाहुल्या मोठ्या करून खूप वेळ आत बघितलं आणि सांगितलं, की डोळ्यांचा मागचा पडदा कडेनं वाळत चालला आहे. दिसण्याचं भोक लहान लहान होत जाईल आणि मग मिटेल. वर्ष, फार तर दीड वर्ष.

गिरिधरनं खिशातून डायरी काढली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "दुसरा पर्याय?"

डॉक्टर म्हणाला, नाही. गिरिधरनं तिसरा विचारला. डॉक्टर भला माणूस, चिडला नाही. पुन्हा नाही म्हणाला. त्या महिन्यात आम्ही धंतोलीतले आणि रामदासपेठेतले मिळून पाच दवाखाने केले. पाचही ठिकाणी तोच प्रश्न, तेच उत्तर. शेवटच्या दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मेचं ऊन म्हणजे डोकं फुटायची पाळी. चालत सीताबर्डीत आलो आणि एका दारातून कूलरची गार हवा अंगावर आली, वाळ्याचा वास आला. आत शिरलो.

आत व्हिडिओ गेमचं दुकान. सहा मशीन, पाचांपुढे कॉलेजचा घोळका. मालक ताराचंद स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. आम्हा दोन टोपीवाल्यांना बघून त्याला वाटलं, पोरांचे बाप झडती घ्यायला आले. कोपऱ्यातल्या मशीनपुढे मात्र कोणी नव्हतं. पडद्यावर काळीकुट्ट गुहा, तिच्यात दोन बारकी माणसं, एक निळा, एक तांबडा. हातात मशाल. मशालीभोवती उजेडाचं लहानसं वर्तुळ, आणि बाकी सगळा अंधार.

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. मी गिरिधरला म्हटलं, "बघ, याले मले दिसते तेवढंच दिसून राहिलं."

तसे आम्ही दर शनिवारी खेळायला लागलो, दोन पंचेचाळिशीचे बाप्ये. मशीनला दोन दांड्या. निळा त्याचा, तांबडा माझा. प्रत्येकाला तीन जीव. पाणी, साप, कोसळणारे दगड चुकवत दोघांनी बारा गुहा ओलांडायच्या. मेलं की नवं नाणं टाकून पुढं जाता यायचं, फक्त शेवटच्या गुहेत नाणं चालत नसे, आणि तिथं वेळ संपली की जीव कितीही उरले तरी खेळ खलास. ताराचंद सांगायचा, की बारावी गुहा संपली की सगळा पडदा एकदम उजळतो, डोंगर, नदी, आकाश, सगळं दिसतं. त्यानं स्वतः ते पाहिलं नव्हतं. मशीन विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं.

माझ्या मनात ते रुतून बसलं. बाहेरचं तर एकेक मिटत होतं. गांधीसागर तलावाचं पाणी बघायला गेलो तर पाण्याचा तुकडाच दिसे. म्हटलं, अंधारातून बाहेर पडल्यावर सगळं एकदम कसं दिसतं ते एकदा बघावं, खेळात तर खेळात. गिरिधरला सांगितलं. त्याला यात वेडेपणा काही वाटला नाही. तो म्हणाला, "तुये डोये जायच्या आंधी आपण तिथं पोचतो."

दुसऱ्या शनिवारी तो नवी वही घेऊन आला. शंभर पानी, रकाने आखलेली. गुहा क्रमांक, प्रसंग, पहिला पर्याय, दुसरा पर्याय. मी खूप हसलो, पण त्याचं अक्षर बघितलं आणि हसू जिरलं. पुराच्या आराखड्याचंच अक्षर होतं ते. दगड डावीकडून आल्यास, साप दोन असल्यास, मुकुंदला, म्हणजे मला, उजवीकडचं न दिसल्यास. एकदा आठव्या गुहेत वीज गेली तर त्यानं तेही लिहिलं आणि वीज मंडळातल्या ओळखीच्या माणसाला कोणत्या वारी वीज बंद असते ते विचारून आला. माझ्या डोळ्यांचं भोक जसं लहान होत गेलं तसे नवे पर्याय चढत गेले. मी पुढं काय आहे ते विचारायचं, त्यानं सांगायचं. दोन पावलं. थांब. उडी. हात मशीनवर आणि कान त्याच्या तोंडाकडे, असा मी खेळायचो.

आणि पहिल्याच पानावर, सगळ्यांत वर, लाल शाईत: मुकुंदला आधी सुरक्षित जागी न्यावे.

म्हणून तो नेहमी पुढं. दगड त्याच्या डोक्यात, साप त्याच्या पायाला. मी मागं सावरून उभा. गुहा संपायची तेव्हा त्याचे दोन जीव गेलेले असायचे आणि माझे तीनच्या तीन शाबूत. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी त्यानं लिहिलेलं असायचं, मुकुंद सुरक्षित. मला कधीकधी संताप यायचा. मी काय छपरावरची म्हातारी आहे काय? एकदा तसं बोललोही. शब्द तोंडातून गेला आणि जीभ चावली. त्यानं नाणं टाकलं आणि पुन्हा पुढं झाला.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात मी कचेरीतली ट्रेसिंगची पाटी कायमची सोडली. साहेबानं आवकजावक टेबलावर बसवलं, तेही दिसेना तेव्हा नुसतंच बसवलं. घरी प्रेमलता पावलं मोजून दाराची कडी हाताला दाखवायची. शनिवारी तेवढा मी जिवंत असायचो. तोवर आम्ही अकरावी गुहा दोनदा पार केली होती आणि बारावीच्या तोंडाशी मेलो होतो. माझ्या डोळ्यांत आता सुपारीएवढा उजेड उरला होता. पडद्याच्या मधोमध धरला तर त्यात तेवढाच तुकडा दिसे. मी ताराचंदला विचारलं, सगळा पडदा उजळेल तेव्हा मधोमधही उजळेल ना? तो बिचारा हो म्हणाला.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. दुकानात गर्दी नव्हती, सगळे बाजारात. त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, सगळं वहीप्रमाणे होत गेलं. गिरिधर बोलत होता, मी हात हलवत होतो. आठवी, नववी, दहावी. ताराचंद स्टूल ओढून मागं येऊन बसला. अकरावीत गिरिधरचे दोन जीव गेले, माझा एकही नाही. बारावीत शिरलो. इथं नाणं चालत नाही. मी दांडी दोन्ही हातांनी धरली. गिरिधरचा आवाज मात्र टेबलावरचा अर्ज वाचावा तसा. तीन पावलं. थांब. दगड जाऊ दे. चाल.

मग त्यानं सांगितलं, की पुढं पूल आहे, फळ्यांचा, आणि पुलाच्या टोकाला उजेड दिसून राहिला आहे. उजेड! मी डोळे फाडून पडद्याच्या मधोमध बघितलं, मला नुसतं करडं दिसलं. तो म्हणाला, तू इथंच उभा राहा, फळी मी बघतो. लाल शाईतली ओळ. तो पुढं गेला. फळी मोडल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, आणि त्याची दांडी खटकन मोकळी झाल्याचं मला ऐकू आलं. निळा माणूस गेला. त्याचा तिसरा जीव.

उरलो मी. तीन जीव, आणि डोळा एकही नाही.

वर वेळेचे आकडे उतरत होते, टिक टिक. मी म्हटलं, गिरिधर, सांग. डावी का उजवी? मी पुन्हा विचारलं, किती पावलं? बाजूला कागद सळसळले. तो वही चाळत होता. पान, पुढचं पान, परत मागचं पान. शंभर पानांत त्यानं सगळं लिहिलं होतं, मी मेलो तर काय, दोघं मेलो तर काय, वीज गेली तर काय. पण मला वाचवता वाचवता मी एकटा उरेन, हे त्या बाबाला सुचलंच नव्हतं. मागून ताराचंद ओरडला, "अरे साहेब, त्यायचा डंडा तुमी पकडा ना!" साधी गोष्ट. माझी दांडी त्यानं हातात घ्यायची, सहा-सात उड्या मारायच्या, झालं. मीही डावा हात काढून बाजूला चाचपडत होतो, त्याचा हात धरून दांडीवर ठेवावा म्हणून. त्याचे दोन्ही हात वहीत होते.

"मुकुंदा," तो म्हणाला, "याच्यासाठी काई लिवलंच नाही गा मी."

टिक टिक थांबली आणि मरणाची धून वाजली. मग खेळ पहिल्यापासून सुरू होण्याची.

आम्ही बाहेर आलो. मी रागावलो नव्हतो, खरंच नव्हतो. पण रागावलो नाही हे सांगायला शब्द सापडेनात. पुढच्या शनिवारी गेलो तर ताराचंद ओशाळून म्हणाला, की ते मशीन परत गेलं, त्याच्या जागी मोटारींचं आलं आहे. गिरिधरनं विचारलं नाही, की दुसरं कुठं मिळेल का. मला तेच फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं दुसरं काही विचारलं नाही. संक्रांतीपर्यंत सुपारीएवढा उजेडही गेला.

आता एकोणनव्वद चालू आहे. गिरिधर रोज सहाला येतो, मला धरून धंतोलीच्या बागेपर्यंत नेतो आणि परत आणतो. वही त्यानं कुठं टाकली मी विचारलं नाही. प्रेमलता सांगते, हल्ली भाऊजींच्या सायकलला दुसरी छत्री नसते. एकच असते. पाऊस लागला की तो ती उघडतो, मी कोरडा राहतो, आणि चालताना त्याच्या खांद्यावर ठेवलेला माझा हात चिंब होतो. किती वेळा म्हटलं, गिरिधर, तुझ्याकडं घे जराशी. तो ऐकत नाही, आणि छत्री कुठं आहे ते मला दिसत नाही.