आधी बैठक, मग दिशा, मग शून्य

ठोंबरे मॅडमची आणि माझी पहिली ओळख दाराबाहेर झाली. खालापूरजवळच्या आमच्या कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. कॉलेज अर्धवट सोडलेलं. डोक्यात राग आणि मनात कडावची अश्विनी, एवढंच सामान. मशीनवरून उतरलेली पंपाची गरम बॉडी हातात घेऊन मी मापनखोलीचं दार ढकललं, तर आतून आवाज आला, पार्ट आधी थंड होऊ दे. मी म्हटलं, सुपरवायझर ओरडतोय, घाई आहे. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मग तू पण बस त्याच्या शेजारी. दोघांनाही गरज दिसते."

त्या वासंती ठोंबरे मॅडम या महिन्यात साठ वर्षांच्या होत आहेत आणि निवृत्तही. त्यांच्या हुद्द्यांबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणून त्या थंड खोलीतलंच लिहितो.

आमच्या मोजणीच्या यंत्राला टेबलावर पार्ट कसा ठेवलाय ते आपोआप कळत नाही, ते सांगावं लागतं. त्यासाठी ड्रॉइंगवर तीन पृष्ठभाग ठरवून दिलेले असतात. आम्ही त्यांना डेटम म्हणतो. पहिल्यावरून पार्टची बैठक ठरते, दुसऱ्यावरून दिशा, तिसऱ्यावरून शून्य, म्हणजे मोजायला सुरुवात कुठून करायची ते. हे चुकलं तरी संगणक कुरकुर करत नाही. तो चुकीच्या बैठकीवरूनही सगळं बरोबर दाखवणारा हिरवागार रिपोर्ट काढून देतो.

म्हणून मॅडम नव्या माणसाला माऊसला हात लावू देत नसत. पार्ट ग्रॅनाइटच्या टेबलावर दाबायचा, चारी कोपऱ्यांवर बोट टेकवून डुलतोय का ते पाहायचं, मग एका ठोकळ्याला भिडवायचा, मग दुसऱ्याला. "स्क्रीन नंतर. आधी हाताला कळू दे," असं त्यांचं म्हणणं. मी ते करत असताना मशीनवरचा मंगेश काचेतून म्हणाला, "काय रं, भातुकली मांडलीस काय?" मी भांडायला उठलोच होतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, त्यालाही आत बोलव, खेळू दे. आज तोच मंगेश दुसऱ्या पाळीत माझ्याबरोबर इन्स्पेक्शन करतो.

अश्विनीच्या घरच्यांनी तिचा फोन काढून घेतला, त्या दिवशी मी कामावर नुसता देहाने होतो. मॅडमनी काही विचारलं नाही. आज आकडे नकोत, टेबल पूस, म्हणाल्या. दुपारी त्यांच्या डब्यातली वालाची उसळ माझ्यापुढे सरकवली. मी जेवेपर्यंत डबा मिटला नाही.

पण त्या काय आहेत, हे मला कळलं ते पंपाच्या बॉडीचा एक अख्खा लॉट परत आला तेव्हा. गिऱ्हाईक म्हणत होतं की लांबच्या टोकाचं भोक जागेवर नाही. आमचा रिपोर्ट म्हणत होता, सगळं बरोबर. रिपोर्टवर ऑपरेटर म्हणून नाव माझं. त्यात मी गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरशी फोनवर कडाकडा भांडलो होतो, त्यामुळे हे पोरगं बेभरवशाचं, असं मॅनेजरसाहेबांचं मत आयतंच तयार झालं. त्याच महिन्यात मी कायम होणार की नाही ते ठरायचं होतं. अश्विनीच्या बाबांची अटही तीच होती: आधी कायमची नोकरी, मग मुलीचं नाव काढायचं.

मॅडमनी खोलीचं दार लावून घेतलं आणि पार्ट पुन्हा हाताने बसवला. कोपऱ्याला बोट लावलं, काढलं, परत लावलं. मग आपलाच जुना प्रोग्रॅम उघडून बघत बसल्या. पार्ट पकडणाऱ्या फिक्श्चरचे क्लॅम्प आड येत होते म्हणून त्यांनी पहिल्या डेटमचे बिंदू, म्हणजे यंत्राची सुई टेकते त्या जागा, कोपरे सोडून मधेच, जवळजवळ घेतले होते. तिथला बारीकसा उंचवटा सगळ्या बैठकीला कलता करत होता, आणि तो कल लांबच्या भोकापर्यंत जाईतो वाढत होता. गिऱ्हाईक कोपऱ्यांवरून मोजत होतं, आणि पंपही कोपऱ्यांवरच बसतो.

मी हळूच म्हटलं, मॅडम, हे आपल्याशिवाय कोणाला कळणार नाही. तेव्हा त्यांच्या साठीनंतरच्या मुदतवाढीची बोलणी चालू होती, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही होतंच.

मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांनी माझ्या नावापासून सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, "त्यानं सांगितलं तसं मोजलं. प्रोग्रॅम माझा आहे, बैठक मी चुकीची धरली. लॉट आपलाच खराब आहे." नंतर मुदतवाढीचं कोणीच बोललं नाही. मी कायम झालो.

पुढे अश्विनीचे बाबा चौकशीला थेट कारखान्याच्या गेटवर आले आणि मॅडमनाच भेटले. पोरगा लय तापट हाय म्हनं, असं त्यांनी विचारलं. मी खिडकीआड कान देऊन होतो, वाटलं आता त्या तारीफ करतील. त्या म्हणाल्या, "हाय ना. तापट हाय, पण आकडा बदलायचा नाय." बाबा निघून गेल्यावर मी तणतणलो, थोडं गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं. त्या म्हणाल्या, गोड बोलले असते तर आकड्याचंही त्यांनी खरं मानलं नसतं. बाबांनी पुढच्याच रविवारी मला कडावला चहाला बोलावलं. लग्न भातकापणी उरकल्यावर आहे.

आता मॅडमचे जुने प्रोग्रॅम मी एकेक करून तपासतो आहे. "जिथे माझे बिंदू चुकलेत तिथे सुधार आणि माझं नाव काढून तुझं घाल," अशी त्यांची आज्ञा आहे. बिंदू सुधारतोय. नाव काढणार नाही. त्यावरून त्यांच्याशी भांडायचीही माझी तयारी आहे.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, गुडघे दुखायचे थांबोत, कर्जतच्या घरी सकाळचा चहा निवांत मिळो. आणि मी कधी चुकीच्या बैठकीवर हिरवा रिपोर्ट काढला, तर तोंडावर सांगायला त्या पुष्कळ वर्षं आमच्यात असोत.